विडी कामगारांचे निवृत्तिवेतन वाढवा

सोलापुरातील विडी कामगार महिलांच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न स्थानिक लोकप्रतिनिधींनी केंद्र सरकारपुढे मांडल्याची बातमी वाचली. ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली आणि महागाई वाढत गेली तरी ती वर्षानुवर्षे तेवढीच राहिली. वास्तविक भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. निवृत्तिवेतन वेतनावर ठरते, आणि पूर्व भागातील घराघरांत मांडीवर सूप घेऊन आयुष्य काढलेल्या, हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या या महिलांचे वेतन मुळातच कमी असल्याने त्यांना किमान रकमेचाच आधार उरतो. लोकप्रतिनिधींनी निवेदनावर न थांबता ही रक्कम महागाई भत्त्याशी जोडण्याचा आग्रह संसदेतही धरावा.

— एक वाचक, सोलापूर