हात कापला, राग तेवढा ठेवला

महोदय,

रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या छायाचित्रांवरचा लेख वाचला. लेखाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मन लावून लिहिला आहे. तक्रार आहे ती त्यावरच्या पाच कॉलमी छायाचित्राबद्दल. लेखातच तिसऱ्या परिच्छेदात लिहिले आहे की, शटरची केबल, म्हणजे कॅमेऱ्याचे बटण दुरून दाबायची तार, समोर बसलेल्या व्यक्तीच्या हातात असते आणि कोणता क्षण टिपायचा ते तीच ठरवते. मग तुम्ही छापलेल्या चित्रात तो हात कुठे गेला? खाली उजव्या कोपऱ्यात केबलचा एक काळा तुकडा तेवढा उरला आहे. छातीपाशी चित्र कापलेत आणि खाली ओळ दिलीत, ‘संतापलेली कृष्णवर्णीय स्त्री’. छायाचित्रकाराचे नाव आहे, बाईंचे नाही.

एवढे लागण्यासारखे यात काय, असे वाटेल, म्हणून सांगते. मी शिकागोत अकरा वर्षे राहिले. 2016 च्या हिवाळ्यात तिथल्या साउथ साइड या मोठ्या कृष्णवर्णीय वस्तीच्या भागात एक छायाचित्रकार मैत्रीण असेच काम करत होती. मी शनिवारी रिफ्लेक्टर धरायला जायची. एकदा शहर बसवर चालक म्हणून आयुष्य काढलेल्या एक बाई आल्या. पहिल्या चित्रात छान हसल्या. प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे हसू प्रवाशांसाठीचे आहे, हे नको. मग केबल हातात घेऊन गप्प बसल्या. हळूहळू मुलाबद्दल बोलू लागल्या. पोलिसांनी त्याला रस्त्यात किती वेळा थांबवले, घरी यायला उशीर झाला की आपण खिडकीशी कशा उभ्या राहायचो. चेहरा कठीण होत गेला, आणि त्याच वेळी केबल धरलेला हात थरथरू लागला. दुसऱ्या हाताने त्यांनी तो धरला आणि बटण दाबले. बारा चित्रांतून त्यांनी तेच निवडले आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली. ती ओळ मी इथे देत नाही, कारण त्यांना विचारलेले नाही.

ते चित्र तिथल्या एका वृत्तपत्राला मीच नेऊन दिले होते. कौतुकाने. त्यांनी खालची ओळ काढली, हात कापले आणि चेहरा गुन्हेगारीच्या बातमीशेजारी छापला. बाईंचा फोन आला. ओरडल्या नाहीत. ‘मला कोणी विचारले होते का?’ एवढेच त्या दोनदा म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. तुमची पुरवणी उघडली आणि तो फोन पुन्हा कानात वाजला.

चेहऱ्यावर राग आणि हातात भीती, ही दोन्ही मिळून ती एक बाई होती. हात काढला की उरते ते अमेरिकेने कृष्णवर्णीय स्त्रीला शंभर वेळा चिकटवलेले सोंग, सदा चिडलेली बाई. त्यातून सुटण्यासाठीच तर ती केबल तिच्या हातात दिलेली असते. गुलामीतून निसटून गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतःची सुमारे 160 छायाचित्रे काढवून घेतली आणि त्यांत ते जाणीवपूर्वक हसले नाहीत, कारण ‘सुखी गुलाम’ म्हणून कोणाला आपला चेहरा वापरता येऊ नये. आणि 1850 मध्ये साउथ कॅरोलिनात रेंटी आणि डेलिया या गुलाम बापलेकीला अंगावरचे कपडे उतरवून कॅमेऱ्यासमोर उभे केले, ते हार्वर्डच्या एका प्राध्यापकाला माणसांचे वंश मुळातच वेगळे असल्याचा पुरावा हवा होता म्हणून. त्यांना कोण विचारणार होते?

संपादकांचा हात यात किती असतो याचा दाखला तुमच्याच व्यवसायातला आहे. 1948 मध्ये छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या रेड जॅक्सन या सतरा वर्षांच्या टोळीप्रमुखाबरोबर कित्येक आठवडे राहिले. शेकडो छायाचित्रे काढली, त्यांत त्या मुलाचे घर होते, आई होती. ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाने छापली 21, आणि निवडताना भर दिला तो हाणामारीवर, भीतीवर. छायाचित्रकार स्वतः कृष्णवर्णीय असूनही शेवटचा शब्द टेबलापलीकडच्या माणसाचा ठरला.

आणखी एक. तुमच्या चित्रातल्या बाईंचा चेहरा छापताना उजळवला आहे. शेजारची भिंत पांढरी फटक पडली आहे, त्यावरून कळते. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला गोऱ्या बाईच्या चित्राचे ‘शर्ली कार्ड’ वापरत, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीयांचे चेहरे प्रिंटमध्ये काळ्या डागासारखे येत. आता यंत्रे बदलली, सावळा रंग नीट छापता येतो. मग तो पुसायचा कशाला?

माफीची चौकट नको, ती कोणी वाचत नाही. ते छायाचित्र पुढच्या रविवारी पुन्हा छापा, तेवढेच मोठे, हातासकट, केबलसकट, खाली काही लिहिलेले असेल तर त्या ओळीसकट. छायाचित्रकारामार्फत बाईंना नावाचे विचारा. हो म्हणाल्या तर नाव द्या, नाही म्हणाल्या तर देऊ नका, पण या वेळी आधी विचारा.

आपली,
एक नियमित वाचक