पिस्तूल विकलं, त्याची हकीकत

म्युनिक, डिसेंबर

तीर्थरूप आप्पा आणि माय यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी पिस्तूल विकल्याचं ऐकल्यापासून मायने घोर लावून घेतलाय, असं दादा सांगत होता. पोरीला पैशांची अडचण आली किंवा नोकरीचं काही बिनसलं, असं तिच्या मनाने घेतलं म्हणे. माय, तसं काहीएक नाही. नोकरी व्यवस्थित आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि नेमबाजीही चालू आहे. फोनवर हे नीट सांगणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आप्पा, त्या पिस्तुलात तुमचे पैसे होते. मी इकडे निघाले त्या वर्षी पपईला बरा भाव लागला होता. तुम्ही पाकीट हातात देताना म्हणालात, "तुले जे पाहिजे ते ले, घरसाठी काही आनू नको." ते पैसे मी मोडले नाहीत. त्यात पगारातून भर घालत गेले आणि मोरिनी कंपनीचं हे हवेचं पिस्तूल घेतलं. म्हणून ते कुठे गेलं आणि का गेलं, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

मला त्याचा किती ध्यास होता, ते तुम्हाला माहीत आहे. धुळ्याला कॉलेजात एनसीसीच्या .२२ रायफलवर हात बसला, तेव्हापासून वर्तमानपत्रात नेमबाजांचा फोटो आला की मी आधी पिस्तूल बघायची. मोरिनी सीएम १६२ ईआय, स्वित्झर्लंडचं, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं. इथे आले त्याच सुमारास, २०१९ च्या मे महिन्यात, आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने म्युनिकच्या वर्ल्ड कपमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सोनं घेतलं. १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली ती होखब्रुकची रेंज माझ्या घरापासून मेट्रोने जाण्यासारखी आहे. त्यानंतर माझं मन दुसरीकडे कुठे लागेना. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलचं कांस्य घेतलं, तेव्हा तुमचाच फोन आला होता, "तिच्या हातात बी तुन्हंच पिस्तूल शे ना?" तुम्ही पारावर सगळ्यांना सांगून आलात, हेही मला कळलं होतं. ते आठवलं की विकायचा विचार पुन्हा मागे पडायचा.

पिस्तुलात खोट काहीच नव्हती. अडचण माझ्या हाताची होती. या खेळात पिस्तूल एका हाताने धरायचं, हात खांद्यापासून सरळ लांबवायचा, आणि दहा मीटरवरच्या निशाण्यात दहाचं वर्तुळ असतं फक्त ११.५ मिलिमीटरचं. मोठ्या स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट, आमच्या लीगमध्ये ४०. किलोभर वजन दर मिनिटाला उचलायचं आणि टेकवायचं. मायच्या बांगड्यासुद्धा मला सैल होतात, एवढा माझा हात. सगळ्यात लहान मापाचा अक्रोडाच्या लाकडाचा ग्रिप, म्हणजे मूठ, घेतला, तो कानशीने घासला, जिथे जास्त घासला गेला तिथे पुट्टी भरली. अंगठ्याच्या मुळाशी तरी तो टोचायचाच, आणि ट्रिगरवर बोटाचं पेर जिथे पडायला हवं त्याच्या अलीकडेच पडायचं. नळी लांब, त्यामुळे वजन मनगटाच्या पुढे ओढायचं. पहिले वीस शॉट सुरेख जायचे. तिसाव्या शॉटच्या पुढे पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण, हळूहळू खाली बसायला लागायची आणि छर्रे आठात, सातात उतरायचे. खांद्याचे व्यायाम केले, रोज घरी भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव, केला. फरक पडला, पण तेवढा नाही.

आमच्या क्लबची रेंज एका खाणावळीच्या तळघरात आहे. बव्हेरियात अशी पुष्कळ आहेत, वर लोक जेवत असतात आणि खाली नेमबाजी चालते. तिथले एक आजोबा खांदा दुखावल्यामुळे खेळ सोडणार होते. त्यांचं जुनं स्टायर एलपी १० त्यांनी मला एका संध्याकाळी धरायला दिलं. ऑस्ट्रियाचं पिस्तूल. त्याच्यानंतर कंपनीने एव्हो १० काढलं, म्हणजे हे मागच्या पिढीचं. त्यांच्या मुलीचा लहान ग्रिप पेटीत पडून होता, तो बसवला.

ग्रिप जमला की नाही हे बघायची एक रीत आहे. डोळे मिटून हात निशाण्याकडे उचलायचा, थोडं थांबायचं आणि डोळे उघडायचे. आप्पा, मी डोळे उघडले तर पुढची साइट मागच्या खाचेत बरोबर मधोमध होती, दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी पट्टी. हात खाली घेतला, परत उचलला, परत तेच. मनगट कुठे वळवावं लागलं नाही. आणि शॉट सुटताना झटका जवळजवळ जाणवला नाही. त्याच्या आत एक लहानसं वजन असतं, छर्रा सुटताना ते सरकतं आणि धक्का खाऊन टाकतं. साइट जागची उडत नाही, म्हणून शॉट कुठे गेला ते पडद्यावर बघायच्या आधीच मला कळतं. ट्रिगर साधा, यांत्रिक. पहिला टप्पा दाबला की भिंत लागते आणि तिथून पुढे हवं तेवढंच बळ लावायचं. माझ्या बोटाला हेच मानवतं.

सारंगखेड्याच्या यात्रेत तुम्ही त्या पांढऱ्या घोड्यापाशी किती वेळ थांबला होतात, आणि शेवटी घेतला तो भुरा, बुटका. मी तेव्हा रुसले होते. तुम्ही म्हणालात, "रोज बसनं त्यानावर शे." ते मला त्या तळघरात आठवलं, आणि मोरिनी विकायचं तिथेच ठरलं.

विकण्यात काही वाकडं नाही, हेही मायला सांगा. इथे जर्मनीत ७.५ जूलपर्यंतच्या ताकदीच्या आणि पंचकोनात एफ ही खूण कोरलेल्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. घेणारा निदान अठरा वर्षांचा पाहिजे आणि नेताना ते कुलूपबंद पेटीत पाहिजे. आउग्सबुर्गची एक विद्यार्थिनी आली. मी तिचं ओळखपत्र बघितलं, तिने सिलिंडरवरची तारीख बघितली. हवेचा सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरलेला असतो आणि दहा वर्षांनी तो बाद करायचा असतो, म्हणून जाणकार माणूस आधी तेच बघतो. लांब बोटांची, उंच मुलगी. रेंजवर दोन-चार शॉट मारले आणि तिचा चेहरा असा उजळला, की भावाची घासाघीस मला करवली नाही. अकराशे युरोला दिलं. मी घासलेला ग्रिप तिच्या कामाचा नव्हता, तो माझ्याकडेच आहे.

पेटी तिच्या गाडीत ठेवताना वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हातातून जाताना वाटणारच. पण रात्री झोप शांत लागली.

आजोबांनी स्टायर मला स्वस्तात दिलं. त्यांच्या सिलिंडरची मुदत संपली होती, तो नवा घेतला. राहिलेल्या पैशांत नेमबाजीचे बूट घेतले, चपट्या तळाचे, ते कधीपासून घ्यायचे होते. तुमचे पपईचे पैसे अजून त्याच खेळात आहेत, आप्पा.

दत्त जयंतीला यात्रेत जाणार असाल तर गुडघ्याचा पट्टा बांधून जा, आणि दादाला घोड्यांचे फोटो पाठवायला सांगा. माय, भरिताची वांगी आली असतील. काडीवर भाजतेस ना अजून? इथल्या ओव्हनमध्ये तो वास येत नाही.

जानेवारीत लीगचा पुढचा सामना आहे, झाला की आकडा फोनवर कळवते. आणि पारावर कुणी विचारलंच तर सांगा, पोरीकडे आता स्टायर एलपी १० आहे, ऑस्ट्रियाचं.

आपली,
बेबी