वेळेत पोचलेला माणूस

प्रिय नंद्या,

परवा फोनवर तू जे बोललास ते डोक्यातून जाईना. "दिवसभर दुसऱ्यांच्या मागे लपायचं, शेवटच्या दोनशे मीटरला बाहेर यायचं आणि हात वर करायचे. याला काय कारकीर्द म्हणायचं?" सायकलपटू मार्क कॅव्हेंडिशबद्दलचं तुझं हे मत जुनंच आहे. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. इथे तुला मधे तोंड घालता येणार नाही.

लपतो हे कबूल. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की वारा तो कापतो, आपले पाय वाचतात. या एका गोष्टीवर रस्त्यावरची सायकल शर्यत उभी आहे आणि स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या झपाट्यात जिंकणारा, त्याचा पुरेपूर फायदा घेतो. 2008 मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, कॅव्हेंडिशने तीन आठवड्यांच्या, टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या टूर द फ्रान्समध्ये चार टप्पे मारले. पुढच्या वर्षी सहा, मग पाच, मग पुन्हा पाच. चार वर्षांत वीस! 2011 ला गुणांत पहिल्या येणाऱ्याची हिरवी जर्सीही आली आणि जगज्जेतेपदही. त्यातली बरीच वर्षं त्याचा संघसोबती मार्क रेनशॉ त्याला शेवटच्या वळणातून बाहेर काढून असा आणून सोडायचा की पुढे फक्त रिकामा रस्ता उरायचा. खरं सांगू? ही वर्षं मलाही फारशी रंगत नाहीत. सतत जिंकणाऱ्याची गोष्ट सांगायला घेतली की लगेच संपते.

मला सांगायचंय ते डोंगरातल्या दिवसांबद्दल, जेव्हा कॅमेरा त्याच्यावर नसतो. टूरमध्ये रोज एक वेळमर्यादा असते, हे तुला माहीत आहे, पण तू कधी मनावर घेत नाहीस. विजेत्याला जेवढा वेळ लागला त्यावर ठरावीक टक्के. टप्पा किती अवघड आणि त्या दिवशीचा सरासरी वेग किती, यावर ते टक्के ठरतात. म्हणजे पुढे कुणी सुसाट निघालं की मागच्यांच्या गळ्याला फास. त्या मर्यादेबाहेर गेलास की दुसऱ्या दिवशी घरी. आदल्या आठवड्यात तू काय जिंकलंस हे कुणी विचारत नाही. म्हणून जड शरीराचे सगळे मागे एकत्र होतात, त्यांचा 'ग्रुपेतो'. चढावर सगळ्यांना झेपेल अशी एकच लय धरायची, उतारावर आणि दरीतल्या सपाटीवर जिवाच्या आकांताने वेळ भरून काढायचा, आणि डोक्यात सारखा हिशेब: किती मिनिटं मागे, किती किलोमीटर उरले. मोठा घोळका उशिरा आला तर पंच कधीकधी पोटात घालतात. एकटा सापडलास तर मेलास.

2018 ला ला रोझिएरच्या चढावर तो असाच एकटा सापडला. शेवटी तासाभराहून जास्त मागून आला. त्याच दिवशी रेनशॉ आणि दुसरा मोठा स्प्रिंटर मार्सेल किटेलही बाहेर. तू तेव्हा म्हणाला होतास, "संपला हा." मीही मान डोलावली होती, ते आठवून आज लाज वाटते. आदल्या वर्षीपासून एपस्टाईन-बार विषाणूने त्याला पोखरलं होतं, आणि नैराश्यातून गेल्याचं पुढे त्याने स्वतःच उघडपणे सांगितलं. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधल्या गेंट-वेव्हेलगेम शर्यतीनंतर मुलाखतीत तो रडला आणि ही आपली शेवटची शर्यत असेल कदाचित, असं म्हणाला. संघ मिळायची मारामार. जुन्या संघाने त्याला अशा पगारावर परत घेतलं की त्या नावाच्या माणसाने एरवी तोंड फिरवलं असतं.

आणि 2021 च्या टूरमध्ये त्याची जागाच नव्हती! संघाचा पहिला स्प्रिंटर सॅम बेनेट, त्याचा गुडघा दुखावला म्हणून ऐनवेळी याला पाठवलं. फुझेरला जिंकला, मग शातोरूला. पण तू नववा टप्पा शोधून बघ, तिन्यचा. पाऊस, थंडी, डोंगरामागून डोंगर. पुढे बेन ओकॉनर जिंकून मोकळा झालेला आणि मागे संघसोबती टिम डेक्लेर्क आणि मिकेल मोर्कोव्ह याला मधे घेऊन चढतायत. त्यांची स्वतःची शर्यत त्या दिवशी तेवढीच: याला वेळेत वर पोचवणं. पोचले तेव्हा मर्यादा संपायला जेमतेम दीड मिनिट उरलं होतं. अर्नो देमार, तोही नावाजलेला स्प्रिंटर, त्याच दिवशी बाहेर गेला. एका दिवसाची विश्रांती झाली आणि व्हॅलान्सला कॅव्हेंडिश जिंकला. तू बघतोस तो व्हॅलान्स. मला तिथे तिन्यचं ते दीड मिनिट दिसतं. पुढे कारकासोनला आणखी एक विजय आणि एडी मर्क्सच्या टूरमधल्या 34 टप्पे जिंकण्याच्या विक्रमाशी बरोबरी.

पस्तिसाव्याचं काय झालं ते तुला पाठ आहे. 2022 ला संघाने नेलंच नाही. 2023 ला बोर्दोत जिंकतोय असं वाटत असताना ऐन झपाट्यात गिअर घसरला आणि दुसरा आला. दुसऱ्या दिवशी पडला, गळ्याचं हाड मोडलं. निवृत्ती आधीच जाहीर केली होती. ती मागे घेतली.

मग 2024 चा पहिला टप्पा, फ्लॉरेन्स ते रिमिनी, भाजून काढणारं ऊन. एकोणचाळीस वर्षांचा हा माणूस सायकलवरच ओकत होता, बाजूला सोबती त्याच्या अंगावर पाणी ओतत चाललेले, आणि पहिल्याच चढापासून सगळ्यांच्या मागे. विजेत्यानंतर साधारण 39 मिनिटांनी पोचला. वेळेत. चार दिवसांनी, 3 जुलैला, सँ-व्हुलबासला शेवटच्या गर्दीत स्वतःच चाकं शोधत, या चाकावरून त्या चाकावर उड्या मारत तो प्रतिस्पर्धी स्प्रिंटर फिलिप्सनच्या पुढे निघून गेला. पस्तीस. आणि नीसला टूर संपली तेव्हा एकूण क्रमवारीत हा अगदी तळाशी होता, हे मला त्या विक्रमाइतकंच आवडतं.

मी चढावर अजून तुझ्याच मागच्या चाकाला चिकटून येतो, तेव्हा माझं मत तू पक्षपाती म्हणशील. म्हण. पण आधी तिन्यचा शेवट बघ, विजेत्याचा नाही, त्याच्या अर्ध्या तासानंतरचा. मग वाद घाल. आणि फोन करू नकोस, पत्र लिही, म्हणजे मलाही मधे बोलता येणार नाही.

तुझा,
मागच्या चाकावरचा