लघुत्तम आक्रमणाचे सात सेकंद

चरई, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सात-आठ महिने पत्र नाही, याबद्दल रागावला असशील तर ते योग्यच आहे. प्रकृती ठीक, गुडघा तेवढा कुरकुरतो.

काल पुतणीचा खो-खोचा उपांत्य सामना पाहिला. नेहमीच्या डावांत गुण समान, जादा डावातही समान, आणि पंचांनी ‘लघुत्तम आक्रमण’ पुकारताच आपण दोघे खेळलो त्या सामन्यासारखाच माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या पालकांना मी समजावले, की या डावाला नऊ मिनिटांची मर्यादा नसते. पहिला गडी बाद होताच घड्याळ थांबते आणि कमी वेळात गडी टिपणारा संघ जिंकतो. म्हणजे लघु असतो तो वेळ, आक्रमण नव्हे. (लसाविमध्ये ‘लघुतम’ असते आणि इथला ‘त’ जादाच आहे, हा तुझा मुद्दा अखेर मान्य. पैजेची कुल्फी तलावपाळीवर.) २०१९ च्या विश्वचषकात सुपर ओव्हरही बरोबरीत सुटल्यावर २६ विरुद्ध १७ असे चौकार-षटकार मोजले गेले, तेव्हा ‘यापेक्षा आपला नियम बरा’ असे तू म्हणाला होतास. निकाल निदान पळून लागतो, हे खरेच.

पुतणी पहिल्या तुकडीत, म्हणजे आधी पळायला उतरणाऱ्यांत होती आणि लवकर बाद झाली. सामना हरल्यावर ती मैत्रिणीवर ओरडली, “तू गडी उशिरा मारलास म्हणून आपण हरलो!” ते वाक्य माझे आहे. आपल्या त्या सामन्यात तू ५८ व्या सेकंदाला सूर मारून गडी टिपलास आणि समोरच्या संघाने ५१ व्या सेकंदाला मला टिपले; तरी ‘तुझे सात सेकंद’ मी इतकी वर्षे तुझ्याच माथी मारत आलो. नावात आक्रमण असल्यामुळे पळणाऱ्याला लपायला जागा मिळते. साखळी धरावी, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळावे, की खांबाकडे वळावे, या विचारात मी थबकलो आणि पाठलाग करणाऱ्याचे बोट माझ्या टाचेला लागले, हे मी कोणाला सांगितलेले नाही. आणखी आठ सेकंद पळालो असतो, तर तुझे ५८ पुरेसे होते.

दोघी कालपासून एकमेकींशी बोलत नाहीत. तिला समजवायला जातो आणि जीभ अडखळते, कारण तिच्या वयात मीही तेच केले.

ऐरोलीच्या घराचे वास्तुपूजन झाले असेलच, वहिनींना नमस्कार. पुढच्या रविवारी ये, आणि ५१ व्या सेकंदाला मी कुठे पाहत होतो, हे मला तिच्यासमोर विचार.

तुझाच,
पहिल्या तुकडीतला