सोन की-जोंग यांचे नाव त्यांच्याच उच्चारात छापावे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑलिंपिक जवळ आले की जुन्या विजेत्यांचे तक्ते छापले जातात आणि त्यांत १९३६ च्या बर्लिन मॅरेथॉनपुढे 'किटेई सोन, जपान' अशी नोंद असते. ती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या नोंदीनुसार असली, तरी धावपटू कोणत्या पथकातून धावला आणि तो मुळात कोण होता, या दोन वेगळ्या प्रश्नांना ती एकच उत्तर देते. म्हणून हे पत्र.

सोन की-जोंग १९१२ साली सिनुइजू येथे जन्मले. हे शहर आज उत्तर कोरियात आहे. त्यांच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी जपानने कोरिया खालसा केला होता. त्यामुळे कायद्याने ते जपानचे प्रजाजन ठरले आणि ऑलिंपिकमध्ये धावायचे तर जपानच्या पथकातूनच धावणे भाग होते. चिनी अक्षरांत लिहिलेले त्यांचे नाव कोरियन वाचक 'की-जोंग' असे वाचतो आणि जपानी वाचक 'किटेई' असे. अक्षरे तीच, उच्चार मात्र राज्यकर्त्यांचा. आणि तोच जगाच्या दप्तरात गेला.

९ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी २ तास २९ मिनिटे १९.२ सेकंदांत शर्यत जिंकली. तिसरे आलेले नाम सुंग-योंग हेही कोरियनच होते. जपानचे राष्ट्रगीत वाजत असताना दोघेही मान खाली घालून उभे राहिले. विजेत्याला मिळालेले ओकचे रोप सोन यांनी छातीशी असे धरले, की गणवेशावरील जपानी चिन्ह झाकले जावे. बर्लिनमध्ये स्वाक्षरी मागणाऱ्यांना ते कोरियन लिपीत सही करून देत. सेऊलच्या 'दोंग-आ इल्बो' या दैनिकाने त्यांचे छायाचित्र छापताना छातीवरील ते चिन्ह पुसून टाकले. त्यापायी पत्रकारांना अटक झाली आणि दैनिक सुमारे नऊ महिने बंद राहिले. एका छायाचित्रासाठी इतकी किंमत मोजणाऱ्या त्या संपादकीय विभागाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

विजेत्यांची नावे बर्लिनच्या स्टेडियममध्ये दगडात कोरलेली आहेत. १९७० साली कोरियाच्या एका लोकप्रतिनिधीने रात्री तेथे जाऊन सोन यांच्या नावापुढील 'जपान' खोडले आणि 'कोरिया' असे कोरले. जर्मनांनी नंतर ते पूर्ववत केले. त्या माणसाची तळमळ मी समजू शकतो, पण 'जपान' हा शब्द तेथून काढू नये असेच माझे मत आहे. तो काढला, तर एका पराधीन देशाच्या धावपटूला दुसऱ्याच्या निशाणाखाली पळावे लागले हा पुरावाच नाहीसा होईल. चूक आहे ती नावात, आणि दुरुस्ती व्हावी तीही नावातच.

बेळगावच्या माणसाला हे विशेष जाणवावे असे एक कारण आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटांनी जो संघ १९२० साली अँटवर्पला पाठवला, त्यात आमच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले होते आणि मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. तेव्हा आपणही पारतंत्र्यातच होतो. तरीही ते 'भारत' या नावाने धावले आणि नोंदीत त्यांचे नाव त्यांचेच राहिले. १९३६ मध्ये त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले, तेही भारत म्हणूनच. सोन यांना एवढीही सवलत नव्हती.

आपल्याकडील उलट उदाहरणही विसरता कामा नये. १९०० साली पॅरिसला २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत यांत रौप्यपदके मिळवणारे नॉर्मन प्रिचर्ड कोलकात्यात जन्मलेले, पण इंग्रज कुटुंबातले. ऑलिंपिक समिती ही पदके भारताच्या नावावर दाखवते, तर जागतिक अॅथलेटिक्स संघटना ब्रिटनच्या. आपण ती मोजताना जन्मभूमी पुढे करतो. मग सोन यांच्या जन्मभूमीचा उल्लेख टाळायचा, हे मला न्याय्य वाटत नाही.

स्वतः सोन यांनी काय मानले, हे त्यांच्या पुढील आयुष्यात दिसते. त्यांनी शिकवलेल्या सुह युन-बोक यांनी १९४७ मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकली. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकच्या उद्घाटनाला शहात्तराव्या वर्षी सोन मशाल घेऊन स्टेडियममध्ये धावत आले. १९९२ मध्ये बार्सिलोनाला दक्षिण कोरियाच्या ह्वांग यंग-चो यांनी मॅरेथॉन जिंकली, तीही ९ ऑगस्टलाच, आणि ते पाहायला सोन तेथे हजर होते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

ऑलिंपिक समितीची नोंद बदलणे आपल्या हाती नाही. परंतु आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर ही नोंद यापुढे 'सोन की-जोंग (कोरियन, जपानच्या पथकातून)' अशी, आणि तिसऱ्या क्रमांकापुढे 'नाम सुंग-योंग' हे नावही तशाच खुलाशासह छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, बेळगाव