कोमात्सूहून (जपान) आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, फोनवर तुझा आवाज भरून येतो आणि माझं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहिते. मी मजेत आहे. भूकंपाची धास्ती सोडा. २०२४ च्या १ जानेवारीचा मोठा भूकंप आमच्या इशिकावा प्रांतातच, पण उत्तरेला नोतो द्वीपकल्पाकडे झाला. टीव्हीवर ‘इशिकावा’ ऐकलं की बाबा घाबरतात, पण सगळं इशिकावा म्हणजे कोमात्सू नव्हे. आणि जेवते मी, वेळेवर.

सुट्टीच्या दिवशी कुतानीची, म्हणजे इकडची प्रसिद्ध रंगीत चिनी मातीची भांडी रंगवायला शिकते. फी फार नाही, बाबा. माती इथल्याच हानासाका भागातल्या दगडाची. झिलई देऊन १३०० अंशांवर भाजलेल्या भांड्यावर आधी काळी रेघ काढायची, मग रंगाचा जाड थर द्यायचा. हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा; लाल मात्र पातळच. लाल सोडला तर भट्टीआधी सगळे मळकट, फिके दिसतात, अंदाजानेच लावायचे. ८०० अंशांच्या आसपास पुन्हा भाजलं की त्यांची काच होते. परवा माझं हिरवं पान बाहेर आलं, तर खालची काळी शीर न् शीर स्वच्छ दिसत होती! इथले कुतानीचे कलाकार तिसरे तोकुदा यासोकिची (हे नाव घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतं) तर नक्षी न काढता नुसते रंग एकमेकांत मिसळत नेत. १९९७ साली सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवलं. त्यांच्यामागे ते नाव आणि काम त्यांच्या लेकीने घेतलं, हे बाबांना मुद्दाम सांगते.

एक रीत मात्र अजून पचत नाही. घरात प्रत्येकाची भाताची वाटी ठरलेली. ताटल्या सगळ्यांच्या, पण वाटी आणि जेवायच्या काड्या ज्याच्या त्याच्या. सोवळ्याचा काही संबंध नाही. वाटी हातात उचलून जेवतात, म्हणून ती आपल्या पंज्यात बसणारी हवी. नवरा-बायकोचा जोड मिळतो, त्यात त्याची मोठी, तिची लहान. मी म्हटलं, भूक तर सारखीच लागते! घरमालकीणबाई नुसत्या हसल्या. आता त्यांच्या फडताळात माझीही वाटी आहे.

या महिन्यापासून पाच हजार जास्त पाठवते. दिवाळीला येणं जमत नाही, तिकिटाचे पैसे आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला घ्या. तिच्या उशाशी मी असायला हवी होते, कळतं मला. आत्याने आणलेल्या स्थळाला नाही म्हणू नका. फक्त मी आणखी दोन वर्षं इथे नोकरी केली तर चालेल का, ते आधी मुलालाच विचारा, त्याच्या आईला नको.

तुमची,
सुमी