एलएलपीचा करार बदललात तर कागदावर पण बदला

संपादक महोदय,

आम्ही तिघा मित्रांनी डिचोलीत काजू प्रक्रियेसाठी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी फर्म काढली, करार सीएकडच्या तयार फॉरमॅटवर केला, तिघांना सारखा वाटा. पुढे एकाने ड्रायर घ्यायला पदरचे 6 लाख घातले, तेव्हा बोंडूंच्या सीझनमध्ये शेडमध्ये बसूनच ठरलं की त्याला 40 टक्के आणि आम्हा दोघांना 30-30. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला, सगळ्यांनी अंगठ्याचा इमोजी दिला आणि विषय संपला असं वाटलं.

गेल्या वर्षी तो ड्रायरवाला मित्र अचानक वारला. दोन महिन्यांनी त्याची बायको, आमच्या वहिनी, प्लॅस्टिकच्या पिशवीतून करार घेऊन आल्या, स्टॅम्प पेपरवर वाटा अजून समानच. 2008 च्या एलएलपी कायद्यात एलएलपी करार म्हणजे लेखी करार असं साफ लिहिलंय. पार्टनर वारला तर त्याची भांडवलाची रक्कम आणि साठलेल्या नफ्यातला वाटा वारसांना द्यायचा असतो, पण तो वाटा मोजायचा कशावरून? तिसरा पार्टनर आता म्हणतो कागदात आहे तेच धरूया. मला हे पटत नाही, माझ्या वाट्यातून मी देणार आहे, पण वहिनींना हक्काचं मागायला आमच्या दारात यावं लागलं याचं फार वाईट वाटतं. आपल्या गोव्यात तर नवराबायकोची मालमत्ता बहुतेक करून सामायिक, निम्मं बायकोचंच, म्हणजे आमच्या आळसाने त्यांचंही नुकसान झालं.

खरं तर काम किती छोटं होतं, पुरवणी करार स्टॅम्प पेपरवर करायचा, सगळ्यांनी सह्या करायच्या आणि 30 दिवसांत फॉर्म 3 ऑनलाइन भरायचा, पणजीला पाटोवर रजिस्ट्रारच्या ऑफिसात खेपा घालायचीही गरज नाही. पार्टनर आला-गेला तर फॉर्म 4 पण भरावा लागतो. आणि दोघांचीच एलएलपी असेल तर जास्त जपा, एक गेल्यावर दुसऱ्याने सहा महिन्यांच्या वर एकट्यानेच धंदा चालवला तर त्यानंतरची देणी त्याच्या अंगावर येतात.

सीए मंडळींना कळकळीची विनंती, करार कसा बदलायचा आणि पार्टनर वारल्यावर हिशेब कसा करायचा ही दोन कलमं पहिल्याच दिवशी घाला. दरवर्षी 30 मे पर्यंत फॉर्म 11, म्हणजे वार्षिक विवरण भरायचं असतंच, त्यावेळी पार्टनरांना समोर बसवून जुना करार एकदा वाचून दाखवा, आम्हाला तो कुणी वाचून दाखवला नाही आणि आम्हीही कधी मागितला नाही.

एक वाचक, डिचोली